समुद्रपुरात समुद्र नाही, पण जहाजाचा हिशेब आपल्याकडेही येतोच

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवड काढून वाचा. घाई असेल तर सेव्ह करून ठेवा आणि रात्री जेवण झाल्यावर वाचा, पण घरात बारावीचं पोरगं असेल तर वाचाच.

मागच्या पंधरवड्यात समुद्रपूर तालुक्यातले एक शेतकरी घरी आले. ओळखीतून आले होते. सोबत मुलगा. मुलाच्या मोबाइलवर एक 'ऑफर लेटर'. वर जहाजाचं चित्र, खाली गोल शिक्का, पगार डॉलरमध्ये. बाप म्हणाला, "भाऊ, पोराले जहाजावर नोकरी लागून रायली. साडेतीन लाख मांगते. एक एकर गहाण टाकाचं म्हनतो. देऊ का नाई देऊ?"

मी पत्र दोनदा वाचलं. जहाजाचं नाव होतं, त्याचा आयएमओ क्रमांक नव्हता. कंपनीचं नाव होतं, परवान्याचा नंबर नव्हता. पोराला 'ट्रेनी मरीन इंजिनिअर सर्वेयर' असं पद दिलं होतं. असं पद जगात कुठंच नाही. सर्वेयर व्हायला आधी इंजिनात केस पिकवावे लागतात.

आता तुम्ही म्हणाल, वर्धा जिल्ह्यात बसून हा माणूस जहाजाच्या गप्पा काय मारतो? इथं समुद्रपूर नावाचा अख्खा तालुका आहे, पण समुद्र सातशे-आठशे किलोमीटरवर. तर सांगतो. मी इथलाच. १९७८ साली कोलकात्याला मरीन इंजिनिअरिंगला गेलो, बरीच वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली, नंतर मुंबईत जहाजांची तपासणी केली. आता गावी परत आलोय. वाचनाची खोड आहे आणि जुन्या गोष्टी उकरायची त्याहून जास्त. त्या पोराचं पत्र बघून डोक्यात जे सुरू झालं ते आज लिहून काढतो.

सर्वेयर म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावायला सोपं आहे. आपण ग्रेडर पाहिलाय.

कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ ला सुरू झाली. त्या काळात बाबा हिंगणघाटच्या केंद्रावर बंडी घेऊन जायचे आणि मी मागे लागायचो. रांग लांबच लांब. रात्र बंडीखाली काढायची, बैल बाजूला रवंथ करतायत, थंडी मी म्हणतेय. सकाळी ग्रेडर यायचा. बंडीत खोल हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन बोटांनी ओढून तंतू बघायचा, कवडी बघायचा, ओल बघायची आणि एक शब्द बोलायचा. त्या एका शब्दावर आमचं वर्ष ठरायचं. ग्रेडर कडक असला तर बाप शिव्या द्यायचा. पण खरी भीती वेगळी होती. ग्रेडर कुणाच्या तरी खिशात असला तर? मग बंडीत कापूस कसाही असू दे, शब्द आधीच ठरलेला.

जहाजाचा सर्वेयर तोच. फक्त बंडी दोनशे मीटर लांबीची असते आणि चुकीच्या शब्दाने माणसं बुडतात. जहाज समुद्रात जायच्या लायकीचं आहे का, बॉयलर, इंजिन, पंप, लाइफबोट, हॅचची झाकणं नीट आहेत का, माल किती भरलाय, हे तो बघतो आणि सही करतो. काही सर्वेयर सरकारचे, काही वर्गीकरण संस्थांचे, काही विमा कंपन्यांनी नेमलेले, आणि काही स्वतंत्र. पण फी बहुतेक वेळा ज्याचं जहाज तपासायचं त्याच्याच खिशातून येते. घोळ इथंच आहे आणि दीडशे-दोनशे वर्षं तो तसाच आहे. या लोकांनी आपली व्यावसायिक संस्था का बांधली, ते या घोळाशिवाय कळत नाही.

आपल्या देशात ही गोष्ट मुंबईच्या माझगावात सुरू होते. लवजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली. सगळी लाकडाची. त्या घराण्यात १८०८ मध्ये अर्देशीर करसेटजी जन्मले. १८३० मध्ये 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि वाऱ्याचं राज्य संपत आलं हे दिसू लागलं. घरात लाकडाचं ज्ञान, आणि या गड्याला वेड वाफेचं. १८३३ मध्ये त्यांनी 'इंडस' नावाची छोटी आगबोट पाण्यात सोडली. पुढच्या वर्षी माझगावच्या घरी गॅसचे दिवे लावले आणि लोक बघायला लोटले. मग इंग्लंडला जाऊन कारखाने बघून आले.

१८४१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये अर्देशीर मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे चीफ इंजिनिअर आणि यंत्रांचे निरीक्षक झाले. मे महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे रामानुजन, ते थेट १९१८ मध्ये! शाळेत रामानुजन शिकवतात. अर्देशीर नाही शिकवत, का ते मला ठाऊक नाही.

त्यांच्या हाताखाली युरोपियन फोरमन आणि कारागीर होते. मुंबईतल्या इंग्रजी वृत्तपत्रात तेव्हा कुरकुर झाली की 'नेटिव्ह' माणूस गोऱ्यांवर कसली देखरेख करणार! त्या कुरकुरीला कागदावरचं उत्तर तयार होतं. नावापुढची ती तीन अक्षरं. बॉयलर फुटायच्या बेतात आहे की नाही हे सांगणारा माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या रंगाचा, याला समव्यावसायिकांच्या मंडळीत किंमत नाही, निदान नसावी. मालक नाराज होईल, सरकार बदलेल, पण 'हा माणूस आपल्या कामात पक्का आहे' असं सांगणारं एक तिसरं घर लागतं. अर्देशीर यांच्यासाठी रॉयल सोसायटी ते तिसरं घर होती. त्यांनी पुढं १८५७ पर्यंत ती फॅक्टरी सांभाळली.

आता जरा इंग्लंडात चक्कर मारू, कारण आपले सगळे जहाज कायदे तिकडूनच आले. एकोणिसाव्या शतकात तिथले काही मालक जुनाट जहाजं घ्यायचे, गच्च माल भरायचे, भक्कम विमा काढायचे आणि सोडून द्यायचे. पोहोचलं तर भाडं, बुडालं तर विमा. खलाशी त्यांना 'शवपेटी जहाजं' म्हणत. सॅम्युअल प्लिमसोल नावाचा खासदार यामागे हात धुऊन लागला. १८७३ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं, १८७५ मध्ये भर सभागृहात ओरडून गोंधळ घातला, आणि १८७६ मध्ये कायदा झाला की जहाजाच्या अंगावर भाराची रेषा काढायची, तिच्या वर पाणी चढता कामा नये. पण गंमत बघा, रेषा कुठं काढायची हे मालकावरच सोडलं होतं! ती जागा कायद्याने ठरायला १८९० उजाडलं. म्हणजे चौदा वर्षं काटा होता, पण काट्यावरचे आकडे व्यापाऱ्यानेच रंगवायचे.

त्याच काळात, १८८९ मध्ये, लंडनला इन्स्टिट्यूट ऑफ मरीन इंजिनिअर्स स्थापन झाली. तेव्हा जहाजावर इंजिनिअरला फारसा मान नव्हता. वरच्या डेकवरचे साहेब त्याला काळ्या हाताचा लोहार समजत. पुढं १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं. त्यावरचा एकही इंजिनिअर अधिकारी वाचला नाही. शेवटपर्यंत खाली दिवे आणि पंप चालू ठेवत होते. त्यांच्या बायकापोरांसाठी जो निधी उभा राहिला तो या संस्थेने सांभाळला, आणि तो वाढत जाऊन अडचणीतल्या मरीन इंजिनिअरांच्या घरांसाठी कायमचा झाला. पहिल्या महायुद्धानंतर स्वतंत्र सल्लागार इंजिनिअर आणि जहाज सर्वेक्षकांनीही लंडनमध्ये आपली निराळी सोसायटी काढली. मालकाचा नोकर नाही आणि सरकारचाही नाही, अशा माणसाला एकट्याने उभं राहणं जड जातं, म्हणून.

इकडे आपल्या किनाऱ्यावर काय चाललं होतं? नोव्हेंबर १८८८ मध्ये 'वैतरणा' ही आगबोट कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि वादळात माणसांसकट नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेहून जास्त माणसं गेली. मुंबईला परीक्षेसाठी निघालेली पोरं होती त्यात. चौकशीत निघालं की जीव वाचवायची साधनं अपुरी होती. ११ नोव्हेंबर १९२७ ला 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या. आणि १७ जुलै १९४७ ला 'रामदास'.

कोकणातल्या माणसासमोर 'रामदास' म्हटलं तर अजून आवाज खाली येतो. गटारी अमावस्येचा दिवस, आषाढाचा पाऊस. बोट सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणासाठी घरी चाललेली माणसं, गच्च भरलेली. अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ लाट आली, पावसापासून वाचायला माणसं एका बाजूला सरकली आणि बोट कलंडली ती कलंडलीच. सहाशेहून जास्त मेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. दुपार उलटेपर्यंत मुंबईला खबर नव्हती. पोहत, फळीला धरून जे किनाऱ्याला लागले त्यांनीच सांगितलं. महिनाभराने देश स्वतंत्र झाला आणि 'रामदास' पहिल्या पानावरून खाली गेली.

माणसं एका बाजूला सरकली की बोट कलंडते, याला इंजिनिअर स्थिरतेचा प्रश्न म्हणतात. वजन किती यापेक्षा ते किती उंचीवर आणि कोणत्या अंगाला, हे महत्त्वाचं. बैलबंडीत कडब्याच्या पेंढ्या उंच रचल्या की वळणावर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. हेच गणित. बोटीला ते कुणीतरी आधी करून, लिहून, सही करून द्यावं लागतं.

हे जुनं झालं असं कुणी म्हणेल. २०२१ चं तौक्ते वादळ आठवा. मुंबईपासून दूर, तेलविहिरींच्या भागात 'पी-३०५' नावाच्या बार्जवर २६१ माणसं होती. १८६ वाचली. परत आलेल्यांनी माध्यमांना सांगितलं की जीवरक्षक तराफ्यांपैकी बऱ्याच तराफ्यांना छिद्रं होती. तराफ्याचा सर्टिफिकेट नावाचा कागद असतो. मला त्या दिवशी रात्रभर तो कागद दिसत होता.

आता कापसाची गोष्ट. ही वर्ध्याने ऐकलीच पाहिजे.

हिंगणघाटचा कापूस म्हणजे एकेकाळी लिव्हरपूलच्या बाजारात स्वतःच्या नावाने भाव लागणारा माल. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडून कापूस येणं थांबलं, तेव्हा इंग्रजांना वऱ्हाड-नागपूर पट्टा दिसला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. इथं रुई दाबायची, गठाण बांधायची, मुंबईला पाठवायची आणि तिथून जहाज. आपल्या जिनिंगमधल्या जुन्या माणसांना विचारा, गठाणीला आग लागली तर ती वरून दिसत नाही. आतल्या आत धुमसते, दिवस दिवस. पाणी मारलं तरी वरचा थर भिजतो, आतला निखारा तसाच. आणि तेलाचा हात लागलेली रुई तर आपोआप तापते.

१२ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज लागलं. आत सुमारे १,४०० टन स्फोटकं, सोन्याच्या विटा, आणि कराचीला चढवलेल्या ८,७०० कापसाच्या गठाणी. सोबत लाकूड, तेलाचे पिंप, भंगार. स्फोटकांच्या शेजारी कापूस नको, असं कप्तान नेस्मिथचं म्हणणं होतं. पण युद्धाचे दिवस, जहाजं कमी, माल जास्त. 'चालवून घ्या' झालं. दोन नंबरच्या कप्प्यात कापूसही आणि दारूगोळाही.

१४ तारखेला दुपारी धूर दिसला. बंब आले, नळ लागले, नऊशे टन पाणी आत ओतलं. निखारा सापडेना. गठाणीचा स्वभाव माहीत असणारा एखादा हिंगणघाटचा हमाल तिथं असता तर त्याने पहिल्या धुरालाच सगळ्यांना पळवलं असतं, असं मला उगाच वाटत राहतं. जहाज बाहेर न्यायचं की तिथंच बुडवायचं, यावर साहेबांत एकमत होईना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला मोठा स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. डझनभराहून जास्त जहाजं गेली. धक्का दूर सिमल्याच्या भूकंपमापकावरही नोंदला गेला. मेलेल्यांचा आकडा कुणी आठशे सांगतं, कुणी तेराशे. ६६ अग्निशामक जवान गेले, म्हणून आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आपल्याकडे १४ एप्रिल म्हटलं की बाबासाहेबांची जयंती, आणि ते बरोबरच आहे. पण बंबावरचे लोकही तो दिवस का पाळतात, ते आता तुम्हाला कळलं.

कप्तानाने विरोध केला होता, हे मी मुद्दाम लिहिलं. एकट्या माणसाचा विरोध कागदावर राहतो आणि माल चढतो. त्याच्यामागे अशी मंडळी उभी लागतात ज्यांचं म्हणणं कचेरीला टाळता येत नाही.

आपल्याकडे अशी मंडळी तयार व्हायला वेळ लागला, कारण अधिकारीच आपले नव्हते. जहाजाच्या खालच्या कामाला आपलीच माणसं, रत्नागिरीची, सिल्हेटची, पठाण. सारंग, टंडेल, आगवाला, कोळसावाला. भट्टीसमोर होरपळायचं ते आपण, आणि खलिता लिहायचा तो साहेब. ५ एप्रिल १९१९ ला वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजींच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पण जहाज आपलं झालं तरी ते चालवायचं शिक्षण देणारी शाळा आपली नव्हती. १९२७ मध्ये मुंबईत 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं. १९४९ मध्ये मरीन इंजिनिअरिंग प्रशिक्षणाचं संचालनालय आलं, ज्याच्या कोलकात्याच्या आवारात मी चार वर्षं हातोडी चालवली. त्याच साली जहाजबांधणी-वाहतुकीचं महासंचालनालय म्हणजे डीजी शिपिंग उभं राहिलं. १९५८ ला आपला मर्चंट शिपिंग कायदा. १९७५ ला इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, म्हणजे जहाजाला वर्ग देणारी आपली स्वतःची संस्था. आणि १९८१ ला इन्स्टिट्यूट ऑफ मरीन इंजिनिअर्स, इंडिया. आज तिचं घर नवी मुंबईत नेरुळला आहे. अर्देशीर फेलो झाल्यापासून बरोबर १४० वर्षांनी.

ही संस्था काय करते? बाहेरून बघितलं तर व्याख्यानं, परिषदा, एक मासिक, आणि जहाजावरून सुट्टीवर आलेल्या इंजिनिअरांचे अभ्यासक्रम. एवढंच. मलाही सुरुवातीला वाटायचं, रविवारी कशाला जायचं, पंप कसा बिघडला यावर चर्चा ऐकायला? पण कुणाच्या जहाजावर क्रँककेसमध्ये स्फोट झाला, का झाला, आधी कोणती खूण दिसली होती, हे तिथं उघड बोललं जायचं. कंपनी असं काही बाहेर जाऊ देत नाही. एकाच्या जहाजावरचा धडा दुसऱ्याला फुकटात मिळायचा. मालकाच्या कचेरीत जे झाकलं जातं ते समव्यावसायिकांच्या खोलीत उघडं होतं.

स्वतःची एक गोष्ट सांगतो. दोन सांगतो, कारण एकच सांगितली तर मी फार शहाणा दिसेन.

मुंबईच्या नांगरवाड्यात एक जुनं किनारी जहाज होतं. नाव सांगत नाही. मी म्हटलं, लाइफबोट खाली सोडून दाखवा. मालकाचा माणूस म्हणाला, "साहेब, रंग बघा ना, नवाकोरा आहे." रंग नवाच होता. बोट हलेना. रंगानेच सांधे चिकटले होते आणि खाली गंज. मी सही केली नाही. जहाज तीन दिवस अडकलं आणि त्या पार्टीकडून मला दोन वर्षं काम आलं नाही. घरी दोन पोरं, कर्ज. त्या दिवसांत एका ज्येष्ठ सर्वेयरांची ओळख झाली, अशाच एका व्याख्यानाच्या चहाला. त्यांनी उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, "रिपोर्टची एक प्रत घरी ठेवत जा. आणि पुढच्या महिन्यापासून माझं थोडं काम तू बघ." संस्था म्हणजे मला अजूनही तो चहा वाटतो.

दुसरी गोष्ट. साखर भरायची होती. हॅचच्या झाकणांच्या सांध्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारून आत गळतं का ते बघायचं असतं. संध्याकाळ झाली होती, पाच झाकणांपैकी तीन तपासली, उरलेली दोन 'तशीच असतील' म्हणून सोडली. सही केली. गळालं ते चौथं. कोणी मेलं नाही, साखर भिजली, विम्याने भरून दिलं, मला कुणी विचारलंही नाही. पण बाबांच्या बंडीत हात न घालता ग्रेड सांगणारा ग्रेडर मी त्या दिवशी होतो. पुढं मी झाकणं मोजून तपासली.

संस्थेचं कौतुक करतोय म्हणून तिचं उणंही सांगतो. वकिलाने घोळ केला तर बार कौन्सिल सनद काढून घेऊ शकते. या संस्थेला तसा अधिकार नाही. प्रमाणपत्र द्यायचं नि काढायचं काम डीजी शिपिंगचं. त्यामुळे सभासदाने खोटी सही केली तर संस्था फार तर नाराज होऊ शकते. कधी कधी अशा मंडळांचा क्लब होतो, हारतुरे आणि जेवणावळी वाढतात. आणि विदर्भातल्या पोरांपर्यंत यातलं कुणी पोहोचत नाही, ही माझी जुनी तक्रार. किनाऱ्यावर दहा व्याख्यानं होतात, नागपूर-वर्ध्यात एकही नाही.

आणि आता तर कारण आहे. आपल्या सिंदी (रेल्वे) इथं ड्राय पोर्टचं भूमिपूजन २०१७ मध्ये झालं. पुढं त्याच जागी मोठं लॉजिस्टिक पार्क घ्यायचं ठरलं. रस्ते, रेल्वे, जमिनीचे भाव, कुणाची जमीन गेली, कुणाला किती मिळाले, यावर चहाच्या टपरीवर रोज चर्चा होते. पण ड्राय पोर्ट म्हणजे काय? कंटेनर इथंच भरणार, इथंच सीलबंद होणार, आणि थेट जेएनपीएला जाऊन जहाजावर चढणार. मधे कुणी उघडून बघणार नाही. म्हणजे जहाजाच्या पोटात काय आहे नि किती आहे, याचं पहिलं उत्तर आता सिंदीत लिहिलं जाणार.

२००७ मध्ये 'एमएससी नापोली' हे मोठं जहाज इंग्लिश खाडीत मोडलं. नंतर डेकवरच्या सुमारे ६६० कंटेनरांचं वजन करून बघितलं तर त्यातल्या १३७ कंटेनरांचं खरं वजन कागदापेक्षा तीन टनांहून जास्त फरकाचं निघालं. पाचातला एक खोटा! जहाज मोडायला दुसरीही कारणं होती, पण या आकड्याने सगळे हादरले. १ जुलै २०१६ पासून जगभर नियम झाला की प्रत्येक कंटेनरचं तपासलेलं वजन कागदावर असल्याशिवाय तो जहाजावर चढवायचा नाही. २०२५ च्या मे महिन्यात केरळच्या किनाऱ्यापाशी 'एमएससी एल्सा ३' बुडालं तेव्हा त्यावर ६४० कंटेनर होते, काहींत धोकादायक रसायनं. कंटेनर वाहत किनाऱ्याला लागले आणि मासेमारी बंद पडली.

तर सिंदीला काट्यावर बसणारा पोरगा कोण असेल? त्याला कुणी शिकवलं असेल? 'दोन टन इकडंतिकडं चालतं भाऊ' म्हणणाऱ्याला तो काय सांगेल? मागे कोणती मंडळी उभी असेल? ड्राय पोर्टच्या प्रत्येक भाषणात रोजगाराचा आकडा येतो, हा प्रश्न मी अजून एकाही भाषणात ऐकला नाही.

आता त्या समुद्रपूरच्या पोराकडे येतो.

जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीला डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो. यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे, फुकट आहे, मोबाइलवर दिसते. नोकरी लावून द्यायचे पैसे खलाशाकडून घेणं नियमात बसत नाही. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, सीडीसी यांचा खर्च वेगळा, कॉलेजची फी वेगळी. 'जहाजावर चढवतो, एवढे लाख दे' म्हणणारा माणूस तिथंच उघडा पडतो. इंजिनिअर व्हायचं असेल तर रस्ता सरळ आहे. बारावीला भौतिक, रसायन, गणितात मिळून साठ टक्के, इंग्रजीत पन्नास, मग इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी. इंजिनच्या बाजूला ठरावीक नंबरपर्यंत चष्मा चालतो, रंगांधळेपणा चालत नाही. पोरींनाही रस्ता मोकळा आहे. सोनाली बॅनर्जी कोलकात्याच्या त्याच आवारात एकट्या मुलगी म्हणून शिकल्या आणि देशातल्या पहिल्या महिला मरीन इंजिनिअर झाल्या. त्यालाही आता पंचवीसेक वर्षं झाली.

यादीत त्या एजन्सीचं नाव नव्हतं. मी माझ्या फोनवरून त्या नंबरला लावला आणि परवाना क्रमांक विचारला. "सर, मॅनेजरशी बोलून सांगतो," म्हणाला. संध्याकाळपासून फोन बंद. एकर वाचला. पण जाताना पोरगा दारात थांबून म्हणाला, "काका, माह्या दोस्तानं मागल्या महिन्यातच भरले पैसे."

त्या दोस्ताची तक्रार आम्ही दोघांनी मिळून लिहिली आणि पोलीस ठाण्यात दिली. पोच घेतली आहे. काय होतं ते कळवीन.

रविवारी सकाळी मी घरी असतो. ज्यांच्या घरी असं पत्र आलंय त्यांनी ते घेऊन या. दहावी-बारावीची गुणपत्रिका आणा, आणि येताना पोरगं किंवा पोरगी सोबत आणा, नुसत्या बापाने येऊ नये. पैसे आणू नका. चहा माझ्याकडे.